मोडीतल्या जीपचा हिवाळा

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले की अंजनगावात थंडी पडते. सकाळी दाराशी उन्हाला बसलं की रस्त्याने कापसाच्या, केळीच्या गाड्या जाताना दिसतात. बैलगाडी आता क्वचित. पिकअप, ट्रॅक्टर, कुणाची जुनी जीप. चौकात गाडी थांबते, पुन्हा निघते, आणि निघताना तिच्या पोटाखालून 'टक्' असा एक आवाज येतो. एकच. मग ती पुढे जाते. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारे जे दाते आणि शाफ्ट असतात, ते झिजले की असा आवाज येतो. किती झिजले हेही मला साधारण कळतं. कुणी विचारत नाही आणि मला सांगायचंही नसतं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत, म्हणून ऐकते.

म्हातारपणात माझे डोळे अधू झाले, दात गेले, गुडघे गेले. हा कान जायला हवा होता, तो राहिला.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढचा हिवाळा होता तो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, सरकार नागपूरला. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात सुटून आमच्याकडे यायला लागल्या होत्या. आम्ही माळी. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, झेंडू आणि पानाचा लहानसा मळा. माल जायचा अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातल्या बाजारात. बैलगाडीला दोन दिवस लागत. निघताना सांभार हिरवागार असे, पोचताना तो जनावराच्या तोंडाचा होई. छोटी आगगाडी होती, पण ती मूर्तिजापूरला जायची. तिथे माल बदलायचा, पुन्हा लादायचा. त्यातही तेच व्हायचं.

माझा नवरा तीन वर्षं लष्करात लॉरी चालवून परत आला होता. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणत असे. इथे 'तो' लिहिते, आता तो ऐकायला नाही. आसामकडच्या डोंगरात त्याने गाड्या चालवल्या होत्या आणि घरी आल्यापासून त्याचं कशात मन नव्हतं. बैल जुंपायचा, पण गाडीवर बसायचा तो पाहुण्यासारखा. चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीवर ड्रायव्हरची जागा होती, त्याच्या पलटणीतल्या माणसाने निरोप पाठवला होता. जेवताना तो बापाला म्हणाला, "जीप घेतली तं राहतो. नाई तं संक्रांत झाली का जाऊन राहिलो. बैलाच्या शेपट्या पाहायले मी वापस नाई आलो."

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. मामाजींनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "जीप काय मले समजते? सूनबाई पाहीन. तिनं चालते म्हटलं तं घेऊ."

सुनेच्या शब्दावर मोटार घ्यायची, हे त्या काळी ऐकणारा हसलाच असता. पण त्याला कारण होतं. माझा बाप अकोल्याला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात मिस्त्री होता. मी चौथी झाले, शाळा सुटली, आणि रोज दुपारी बाची भाकर घेऊन मी जिनात जाऊ लागले. आत शिरलं की कापसाचं भूस नाकात जाई, तेलाचा वास येई, पायाखालची फरशी थरथरत असे. जेवणाच्या सुटीत पट्टे थांबले की बा मला मशीनजवळ न्यायचा. मला शिकवावं असं त्याच्या मनात नव्हतं. माझा हात लहान होता, तो दात्यांच्या चाकांमागे जायचा, त्याचा जात नसे. "धर ते चाक. मांगंपुढं हालव. पलीकडचं चाक धरेपर्यंत किती फिरते, सांग." जेवढं फुकट फिरे, त्याला बा ढील म्हणायचा. एक बोट ढील, दोन बोटं ढील. मग तेलाचा थेंब अंगठ्यावर घ्यायचा, चोळायचा, उन्हात धरायचा. तेल चमकलं तर दाते झिजताहेत. चमक बारीक असेल तर वय झालंय. कणी दिसली तर मशीन बंद. लाकडाची काठी एका टोकाने लोखंडाला लावायची, दुसऱ्या टोकाला कान. सुगीच्या दिवसांत एकदा मशीन बंद करायला सांगितल्यावरून मालकाने बाला शिव्या दिल्या होत्या. बा म्हणाला, "शिव्या द्या, पण चालू करू नका." हे सगळं माझ्या हातात आलं ते असं. त्यात माझं कौतुक काही नाही.

लग्नानंतर सासरच्या विहिरीवर लोखंडी रहाट होता. त्याचं दात्याचं चाक आता तुटेल, असं मी पहिल्याच वर्षी सांगितलं. मामाजींनी ऐकलं नाही. आठव्या दिवशी ते तुटलं आणि भर उन्हाळ्यात मळा करपला. तेव्हापासून लोखंडाचं काही आलं की ते मला बोलवायचे. चारचौघांत बोलवायचे. सासूला ते आवडत नसे, मला आवडायचं. खरं सांगायचं तर त्या घरात मला आवडण्यासारखं तेवढंच होतं.

दलालाने अकोल्याहून जीप आणली ती सकाळची. अंगणात उभी केली. रंग उडालेला, मागचा पत्रा चेपलेला, आत लाकडाच्या साली पडलेल्या. मेळघाटात एका ठेकेदाराने ती सागाच्या कामाला वापरली होती. शेजारपाजारचे जमले. दलालाने इंजिन चालू केलं, गाडी अंगणात पुढे-मागे केली. काही आवाज नाही. लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. तिथेच मला खटकलं. जंगलात लाकडं ओढलेली गाडी इतकी गप्प नसते.

"इंजिन बंद करा," मी म्हटलं.

"बाई पाहणार काय?" दलाल हसला.

"पाहू दे," मामाजी म्हणाले. "तिचा बा जिनात होता."

सासू ओट्यावरून म्हणाली, "पाच वर्सांत घरात पाळणा नाई, अन् मोटारीची नाडी पाहून राहिली, माय!"

बायका हसल्या. मी पदर खोचला. मागचं एक चाक टेकू लावून उचलायला लावलं, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि चाक हाताने मागे-पुढे केलं. कोळशाने टायरवर एक रेघ ओढली. तीन बोटं ढील. जुन्या गाडीला एवढी असते. मग पुढचं चाक उचललं, चारही चाकांना जोर देणारा लहान दांडा लावला आणि तसंच केलं. सात बोटं. पुन्हा केलं. सातच.

पोतं अंथरून मी गाडीखाली गेले. ढील कुठे आहे ते शोधायचं असतं. पुढच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे, क्रॉस म्हणतात ते, हाताने हलवले. घट्ट होते. चाकांमधला लोखंडी गोळा, तोही बरा. ढील होती ती मधल्या लहान पेटीत, जिथून जोर पुढे आणि मागे वाटला जातो. तिचं बूच पान्याने सैल केलं. तेल वाहायला हवं होतं, काकवीसारखं संथ. काहीच वाहिलं नाही. आत बोट घातलं तर काळंकुट्ट, घट्ट काहीतरी लागलं. वास ओळखीचा. बैलगाडीचं वंगण. एरंडीच्या तेलात जळक्या गवताची राख खलून आपण आखाला लावतो, ते. कुणा गाडीवानाने पेटी गच्च भरली होती. म्हणून गाडी गप्प होती. बोटावर चोळलं तर राख खरखरली, आणि नखाखाली टोचलं. पोलादाची कणी. एक नाही, तीन-चार.

राख दात्यांना घासत होती आणि वंगण आवाज दाबत होतं. पेटी जास्तीत जास्त एक हंगाम चालली असती.

मी बाहेर आले. मामाजींनी माझं काळं बोट धरून नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "एरंडीचं हाय! वा रे गडी! जपली हाय गाडी."

जन्मभर गाडी हाकलेला माणूस. ज्याच्या आखाला वंगण, तो गाडीवान चांगला, हे त्यांना लहानपणापासून माहीत. दलालाला काय, आयतंच मिळालं. "मंग सांगतो काय, मामा! बिना वंगणाची गाडी मी तुमच्या दारात उभी केली असती काय?"

नवरा चेपलेल्या पत्र्याला टेकून विडी ओढत होता. माझ्याकडे पाहत नव्हता. रस्त्याकडे पाहत होता, तिकडेच चांदा असावा तसा.

"सांग, सूनबाई," मामाजी म्हणाले. "घ्यावं का नाई?"

नवऱ्यावर माझं फार प्रेम होतं असं मी लिहिणार नाही. पाच वर्षांच्या लग्नात तो तीन वर्षं घरी नव्हता, ओळखच किती झाली होती. पण ती तीन वर्षं मी त्या घरात नवरा नसलेली सून म्हणून काढली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर जेवणारी, पत्र आलं की ज्याच्या-त्याच्या हातातून फिरून शेवटी मिळणारी. पुन्हा ते मला नको होतं. तेवढंच. त्याहून मोठं कारण नव्हतं.

"चालते, मामाजी," मी म्हटलं.

"किती दिवस?"

"दोन-चार वर्स पाहा लागत नाई."

जीपच्या पैशासाठी घरच्या दोन्ही बैलजोड्या विकल्या. बाजारात त्यांना नेताना मामाजी पुढे चालले होते, मागे वळले नाहीत. मी अंगणात राखेने बोट घासत होते. काळं लवकर निघालं नाही.

आता खरं तर त्या हिवाळ्याबद्दल लिहायचं, तर चांगलंही पुष्कळ आहे. उजाडायच्या आधी सांभाराच्या जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात गुंडाळायच्या, जीपमध्ये रचायच्या. मी वर बसायची, झेंडूच्या टोपल्यांमध्ये. थंडी अशी की कानाच्या पाळ्या दुखायच्या. अकोटाच्या पुढे ऊन लागायचं. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली, वेचणीच्या बाया कमरेला कापूस घालायचे ओटे बांधून ओळीने वाकलेल्या, जीप पाहून सरळ उभ्या राहायच्या. जुन्या शहरात शिरलो की बागवान विचारायचे, "आज का माल है क्या?" नवरा म्हणायचा, "सूंघ के देखो." सांभाराच्या काड्यांवर दव असायचं. परत येताना तो लष्करातली गाणी म्हणायचा. आवाज वाईट होता. पण त्याला मी त्याआधी गाताना ऐकलं नव्हतं.

सासूसुद्धा एकदा अकोल्याला बसून आली. उतरल्यावर तासभर कुणाशी भांडली नाही.

आणि मी सगळा वेळ ऐकत होते. टोपल्यांत बसून, तळव्याने पत्रा धरून, खालची ती लहान पेटी. चढाला जोर लागला की आत कसं घरघरतं. जोर सोडला की 'टक्' होतं का. महिन्याभराने व्हायला लागलं. वंगण पातळ होत होतं. घरी भाकरी थापताना, विहिरीवर, पान खुडताना माझ्या कानात तेच. माणूस आजारी असलं की घरातलं एक जण झोपेतही जागं असतं, तसं. कुणाला सांगता येत नव्हतं. सांगायची वेळ अंगणात होती, ती मी घालवली होती. तसं दमणं पुढे मी बाळंतपणातही दमले नाही.

एक गोष्ट मी पाहत होते, पण तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. नवरा तो लहान दांडा कधी लावत नसे. मळ्याच्या वाटेला चिखल असला तर अर्धा कोस वळसा घाली. मी समजायची, नवी गाडी आहे, जपतोय.

माघात अवकाळी पाऊस झाला. एका रात्रीत काळ्या मातीचा लोण्यासारखा राडा झाला. झेंडू तोडून ठेवलेला, बाजारात लग्नसराईची मागणी, आणि जीप मळ्यात. त्या सकाळी मामाजी स्वतः पुढे बसले होते. मी टोपल्या धरून मागे. शंभर पावलांवर मागची चाकं जागीच फिरायला लागली.

"तो लहान दांडा लाव नं," मामाजी म्हणाले.

"माल उतरवू, बा. हलकी होईन."

"काहून उतरवायचा? त्याच्यासाठीच तं घेतली. सूनबाईनं सांगतलं नं, चालते."

नवऱ्याने आरशात पाहिलं की मागे वळून पाहिलं, आठवत नाही. माझ्याकडे पाहिलं एवढं खरं. मग दांडा लावला. जीप दोन हात पुढे गेली. खालून आवाज आला, सरकीत दगड आल्यावर जिनात येतो तसा. मग इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि एकही चाक हललं नाही.

गाडी ओढायला बैल हवे होते. आमच्याकडे नव्हते. शेजारच्या मळेवाल्याकडे मामाजी स्वतः गेले. तो जोडी घेऊन आला, दोर बांधताना म्हणाला, "मामा, पेट्रोलबी पाजता अन् बैलबी लावता, लय खादाड दिसते हे!" वाईट मनाने बोलला नाही तो. सगळे हसले. मामाजीही हसले. मग परक्या बैलांच्या पुढे, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात, ते गावापर्यंत चालत आले. जीपमधला झेंडू लोक वाटेत पाहत होते.

अकोल्याहून मिस्त्री आला. त्याने पेटी उघडली. आत काळा लगदा, आणि दाते म्हणून जे उरलं होतं ते म्हाताऱ्या बैलाच्या दातांसारखं, घासून हिरड्यांना टेकलेलं. दोन तुटून तळाशी पडले होते. तो म्हणाला, "हे आताचं नाई, मामा. घेतली तवाच गेलेली होती. नुसता हात लावला असता तं समजलं असतं."

अंगणात आम्ही चौघंच होतो. मिस्त्री, मामाजी, नवरा, मी.

मामाजींनी आवाज चढवला नाही. "सूनबाई, तू हात लावला होता नं?"

"हाव."

"मंग?"

"मले समजलं होतं."

इथे मला खोटं बोलता आलं असतं. वंगणामुळे फसले, असं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, तेही फसलेच होते. पण एकदा बोलून झालं होतं आणि दोन महिने ते ऐकत बसून मी थकले होते.

नवरा म्हणाला, "बा, मलेबी समजलं होतं."

मामाजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मिस्त्रीला म्हणाले, "चहा घेऊन जा." आणि आत गेले.

जीप भंगारात गेली. नवरा चांद्याला गेला नाही. संक्रांत केव्हाच होऊन गेली होती, ती जागा भरली असेल किंवा नसेल, त्याने विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कुदळ घेतली आणि पाट काढायला गेला. पुढे जन्मभर तो बैलांच्या मागेच चालला. तक्रार केली नाही. गाणी मात्र पुन्हा म्हटली नाहीत.

पुष्कळ वर्षांनी, मुलंबाळं होऊन त्यांची लग्नं झाल्यावर, मी त्याला विचारलं, "तुमाले मालूम होतं, तं घेऊ काहून देली?"

"तीन वर्सं गाडी चालवली, मले नाई समजणार? गाडी उभी केली तवाच समजलं," तो म्हणाला. "तू खालून निघाली तवा मले वाटलं, आता ही नाई म्हणते अन् मी सुटतो. तू चालते म्हटलं. मंग मले वाटलं, हिले मी इथं पायजे."

"मले पुन्हा एकटं राहाचं नव्हतं," मी म्हटलं.

"तेच ते."

तेच ते नव्हतं. पण मी वाद घातला नाही. मी नाही म्हटलं असतं तर तो गेला असता की राहिला असता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. हा प्रश्न मी थंडी आली की उगाच काढून बसते. उत्तर नाही हे माहीत असून बसते. म्हातारपणी दुसरं काम काय.

मामाजींचं मात्र मला माहीत आहे. जीप गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी एक बैलजोडी घेतली. बाजारातून आणली, अंगणात उभी केली. शेजाऱ्याला विचारलं, नवऱ्याला विचारलं, सासूलाही विचारलं. मी पाण्याची बादली घेऊन उभी होते. डावा बैल चारा एकाच बाजूने चावतोय असं मला दिसलं.

"मामाजी," मी म्हटलं, "डाव्याच्या तोंडात पाहा. मले काई तरी..."

त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली. रागाने नाही. ते माझ्यावर कधी रागावलेच नाहीत, पुढे वीस वर्षं एका घरात राहिलो तरी.

"तुले समजते, हे मले माहीत हाय, माय," ते म्हणाले. "तू सांगशीन का नाई, हे मले माहीत नाई."

आणि बादली त्यांनी स्वतः बैलांपुढे ठेवली.